सुंद्राबाईंचं डॉबरमन घराणं

मंडळी, एक सांगा — गेलेल्या माणसाची शेवटची खूण हातात आहे. राखावी तर दुसऱ्याचा घात, पुसावी तर आपलं काळीज फाटतं! काय कराल? नुसत्या माना नका हलवू, ऐका!

गडहिंग्लजकडं सुंद्राबाई चौगले म्हणून बाई होत्या. मालक दौलतराव. त्या काळी गावात कुत्रं म्हणजे उकिरड्यावरचं — अन् या गड्यानं आणली डॉबरमनची जोडी! काळीभोर, तेल चोपडल्यागत अंग! काय दिवस होते, मंडळी! सांजेला दौलतराव माळावर शीळ घालायचे, कुत्री वाऱ्यागत सुटायची, अन् बायका घागरी खाली ठेवून बघत राहायच्या. हसता काय मावशी, तुम्हीही ठेवली असतीत!

दौलतरावांचा एकच तोरा — "रक्तात भेसळ नाही!" घरचाच नर, घरचीच मादी. पिल्लं पार निपाणीपर्यंत गेली.

पुढं दौलतराव गेले. सुंद्राबाईंनी कुत्र्यांची वेल जपली. त्यातला सर्जा तर पहिल्या जोडीतल्या नराची सही सही छबी! त्याच्या मानेवर हात फिरवला की बाईंना वाटायचं — आत्ता मालक दारात वहाणा काढतील!

अन् एके दिवशी ऐन उमेदीतला सर्जा माळावर धावला, आणि धावता धावता कोसळला! संपला!

"कुणीतरी विष घातलं!" बाईंनी हंबरडा फोडला. जनावरांच्या डॉक्टरीण शुभदाताई आल्या, त्यांनी सर्जाला उघडून तपासलं. म्हणाल्या, "विष नाही, काकू. काळीज फुगून सैल पडलंय. याचा बाप कसा गेला?"

"असाच... पळता पळता."

"आणि आजा?"

"तोही... तसाच."

"हे रक्तातून येतं, काकू. घरातल्या घरात वीण केलीत, दुखणं मुरत गेलं. वरून कुत्रं ठणठणीत दिसतं हो!"

आता मागं राहिली सर्जाची बहीण, राणी. अन् नेमके कराडचे पाहुणे दारात! "बाई, राणीची पिल्लं आम्हाला द्या. दौलतरावांची आठवण राहील!"

बघा! नेमकं दुखऱ्या जागी बोट! बाईंचे डोळे भरले. पण म्हणाल्या काय? "मालकांची आठवण राहावी म्हणून तुमच्या पोरांना रडवू व्हय?"

राणीचं ऑपरेशन केलं — वेल तिथंच थांबली. मग बाई निघाल्या, जिथं जिथं पिल्लं गेली त्या घरोघर. "कुत्र्याचं काळीज तपासून घ्या, बाबांनो, अन् पुढं वीण करू नका." एका घरी तर शिव्या मिळाल्या, "दुखणं गळ्यात बांधलंत!" बाईंनी मान खाली घालून ऐकून घेतल्या. निपाणीच्या एकानं मात्र कुत्रं वेळेत दाखवलं. औषधावर ते पुढं चांगलं जगलं.

राणी म्हातारी होऊन बाईंच्या मांडीवर गेली. बाई मालकांच्या फोटोकडं बघून म्हणाल्या, "तुमची वेल मी खुडली. रागवू नका."

हे कुत्र्याचं झालं, मंडळी. आता आपलं! सोयरीक जमवताना कूळ सांगता, पत्रिका दाखवता — आणि घराण्यातलं दुखणं? ते माजघरात, दाराला कडी! परकी लेक उंबरा ओलांडून येते, तिला कोण सांगणार? या घडीला तुमच्यातल्या कुणाच्या तरी घरी बैठक ठरलेली असेल... देवापुढं हात जोडायच्या आधी, पाहुण्यांपुढं खरं बोला!