अस्वलाने चाटलेली पेटी

मुलगी : बाबा, खरं सांगा, कॅमेऱ्याच्या पेटीला काय फासलंत?

बाबा : फासलंत काय! सुतार आहे मी. मेण घासल्याशिवाय माझ्या हातून लाकूड बाहेर जात नाही.

मुलगी : कसलं मेण?

बाबा : मधमाशांचं, अस्सल. हुंगून बघ.

मुलगी : अहो, अस्वलं मोजायला जंगलात लावलेले कॅमेरे त्यांनी फोडू नयेत म्हणून पेटी मागितली, आणि तुम्ही त्यांना आमंत्रणच धाडलंत!

बाबा : तरीच चाटूनपुसून लख्ख झालीय.

मुलगी : हसू नका. बाकीचे कॅमेरे त्यांनी चावून टाकले, हा शेवटचा. या जंगलात अस्वलांची पिल्लं वाढतात याचा एक तरी फोटो आज हवा. नाहीतर आमच्या संशोधनाच्या मॅडम हे काम बंद करणार. माझी सगळी मेहनत पाण्यात!

बाबा : हाही चावला?

मुलगी : नाही. फळीवर दात उमटलेत, पण कॅमेऱ्याला ओरखडासुद्धा नाही.

बाबा : मग माझ्यावर कशाला डाफरतेस? फोटो बघ.

मुलगी : बघतेय. ही जीभ. हीपण जीभ. हे नाक. परत जीभ.

बाबा : गिऱ्हाईक असावं तर असं!

मुलगी : बाबा! ...थांबा. ही जीभ एवढुशी कशी?

बाबा : अगं, मागे बघ. मागे केवढं धूड उभं आहे!

मुलगी : आई आहे ती! म्हणजे हे पिल्लू! बाबा, पिल्लू! सगळे फोटो मॅडमना पाठवते, फोन लावते.

बाबा : मेणाचं बोलू नकोस हं.

मॅडम : (फोनवर) फोटो झकास आहेत गं! पण एवढा वेळ ती अस्वलीण पेटीपाशी कशी काय रमली?

मुलगी : मॅडम... पेटीला मधमाशांचं मेण लागलं होतं. वासाने आली असणार.

मॅडम : मग ही भेट मोजणीत धरता येणार नाही, आमिषाला आलेलं जनावर आपण मोजत नाही.

मुलगी : हो, मॅडम.

मॅडम : पण पिल्लू तर खरं आहे ना! वर्षभर काम चालू ठेव. आणि अशा आणखी पेट्या करून घे, बिनमेणाच्या. कुणी केली ही?

मुलगी : माझ्या बाबांनी.

मॅडम : त्यांना शाबासकी सांग. ठेवते.

बाबा : म्हणजे आणखी वर्षभर तू काही घरी येत नाहीस.

मुलगी : नाही. रागावलात?

बाबा : छे गं. एवढ्या पेट्या घरून वाहून आणण्यापेक्षा रंधा-करवत घेऊन मीच इथे राहायला येतो.