हिरो मरते का वाचते?

तुम्ही आत्ता पिच्चरवरून भांडताय ना, तसंच ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास आम्ही अहेरीत भांडायचो. नवा पिच्चर पाहायचा तर तेव्हा चंद्रपूर गाठावं लागे. एकदा माझा दोस्त प्रभाकर तिथून आला आणि चहाच्या टपरीवर म्हणाला, "जबरदस्त पिच्चर! शेवटी हिरो वाचते, मायले भेटते."

मीही तोच पिच्चर नुकताच पाहिलेला. म्हटलं, "काहीबी काऊन सांगून राह्यला बे? हिरो मरते!"

शब्दाला शब्द वाढला आणि आमचं बोलणंच बंद झालं. शेवटी टपरीवाल्या मारोतीभाऊंनी दोघांना समोरासमोर बसवलं. "मरताना तू पाह्यला? अन् वाचताना तू पाह्यला?"

शेवट कोणीच पाहिला नव्हता. अहेरीची शेवटची एसटी पिच्चर संपायच्या आधीच सुटायची. हिरोला गोळी लागली तेव्हाच मीही उठून स्टँडकडे पळालो होतो, आणि प्रभाकरही.

परवा तोच पिच्चर टीव्हीवर लागला. प्रभाकर माझ्याच घरी बसला होता. हिरोला गोळी लागली, तसा हा गुडघ्यावर हात टेकून उठला.

"अबे, बस ना! आता तं शेवट पाहून घे."

दारात चप्पल शोधत तो म्हणाला, "चाल बे, गाडी सुटन."