साहेबांनी भरून दिलेली स्टिक

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक भावोजी आणि त्यांचा मेहुणा नंबराची वाट बघत होते.

“भावोजी, गोल्फचा सेट घ्यायचाय. ब्रँडेड घेऊ की कॉपी?”

“कॉपीच घे. चेंडूला काय कळतंय?”

“पण कॉपीतल्या स्टिकच्या मुठीचा रंग हाताला लागतो म्हणे.”

“मग हातमोजे घाल! मी तेच करतो.”

“आणि साहेबांनी ओळखलं तर?”

“माझ्या साहेबांनी माझी स्टिक मागून घेतली. पहिल्याच फटक्याला तिचं डोकं उडून तळ्यात.”

“मेलात की मग!”

“छे! म्हणाले, ‘सॉरी, तुमची एवढी भारी स्टिक मोडली. उद्या तश्शीच भरून देतो.’”

“दिली?”

“दिली ना. हातात धरली आणि तळवा काळाकुट्ट.”

“म्हणजे साहेबसुद्धा?”

“हल्ली आम्ही दोघंही हातमोजे काढत नाही.”