मका कोणी मोजलाच नाही

नाव: ओळखपत्रावरचं वर उतरवून घेतलं आहे, गोदामात सगळे भिंगरी म्हणतात. वय: चोवीस. धंदा: थंड गोदामात माल लावणे-काढणे, रोजंदारीवर. शिक्षण: दहावी, दोन विषय राहिले. पत्ता: नक्की नाही. फोन चालू असतो.

मला कोणी बोलावलेलं नाही. मी आपल्या पायांनी ठाण्यात येऊन, विचारलं त्याचं उत्तर देत, खाली सांगतो ते असं की,

मी वरील गोदामात आठ महिन्यांपासून कामाला आहे. माझ्या मानाने आठ महिने म्हणजे विक्रमच. त्याआधी टायरच्या दुकानात होतो, मग टोलनाक्यावर, मग एका तंबूवाल्याबरोबर तीन गावं फिरलो, त्यातल्या दुसऱ्या गावात एक माणूस होता तो शिट्टीवर बकऱ्या... ठाणे अंमलदारांनी मुद्द्यावर ये म्हटल्यावरून पुढे सांगतो.

आमच्या गोदामात गोठवलेला वाटाणा, मका, मासे आणि आइस्क्रीम असतं. आत उणे वीस. आतून बाहेर यायच्या वाटेवर एक लहान खोली आहे, तिला आम्ही मधली खोली म्हणतो. तिथे पिवळा दिवा आहे आणि वरून पाइप गळतो. पाइपची तक्रार दिलेली आहे. तक्रार कुठे आहे ते माहीत नाही.

गोदामाचे स्टोअरकीपर, वय सत्तावन्न, यांना सगळे मामा म्हणतात. मॅनेजरसुद्धा मामाच म्हणतात. मामा एकोणतीस वर्षं त्याच दारातून आत-बाहेर करत आहेत. आज दुपारी मॅनेजरनी इथे तक्रार दिली की मामांनी वाटाण्याची एकशे बारा खोकी चोरली. एका खोक्यात दहा किलो. मामा सायकलवर येतात. सायकलला कॅरिअर नाही. एवढा टनभर बर्फातला वाटाणा मामांनी कशावरून नेला आणि कुठे ठेवला, हे तक्रारीत लिहिलेलं दिसत नाही. मॅनेजर घाईत असतील.

हा घोळ कुठून सुरू झाला ते विचारलं असता सांगतो की, याच महिन्याच्या चार तारखेला सकाळी अकरा वाजता मॅनेजरच्या केबिनमध्ये बारकोड वाचायचं हातातलं मशीन निवडायचा कार्यक्रम झाला. तोवर मामा वहीत लिहायचे. वही जुनी झाली असं ठरलं होतं. निवड करायला मॅनेजर, ऑफिसातल्या ताई आणि मॅनेजरचे मेहुणे हजर होते. मेहुणे गोदामात कामाला नाहीत. त्यांच्याकडे लॅपटॉप आहे, म्हणून बोलावलं होतं. मी चहा द्यायला आणि मामा बोलावलं नसताना दारात, असे उभे होतो.

दोन विक्रेते आले होते. पहिला वयस्कर होता. त्याचं मशीन पिवळं, जाड, सगळीकडून रबर, खाली पकडायला मूठ आणि बोटाने ओढायचा घोडा. त्याने ते डोक्याइतक्या उंचीवरून फरशीवर सहा वेळा पाडलं. मग बरोबर आणलेल्या बादलीत बुडवलं. मशीन चालूच. मॅनेजर म्हणाले, "आमच्याकडे वस्तू पाडत नाहीत."

विक्रेता म्हणाला, "साहेब, एकदा आत नेऊन बघू या का? थंडीत?"

"आत कशाला? इथे एसी आहे की. थंडच आहे."

"एसी अठरावर आहे साहेब. आत उणे वीस."

"मग अडतीसचाच तर फरक."

दुसऱ्या विक्रेत्याचं मशीन मोबाइलसारखं चपटं, काळं, चकचकीत. त्याने टेबलावरच्या बिस्किटाच्या पुड्यावर धरलं, टिंग वाजलं. मग पाण्याच्या बाटलीवर धरलं, तिथेही टिंग. मेहुण्यांनी स्वतःच्या औषधाच्या पट्टीवर धरून बघितलं, तीही वाचली. सगळ्यांना फार आनंद झाला. आमच्या गोदामात बिस्किटं, पाणी किंवा औषधं ठेवत नाहीत.

मामांनी दारातून एकच गोष्ट विचारली. "हातमोजे घालून चालेल का हे?"

मॅनेजर म्हणाले, "काढायचे हो मामा. दोन सेकंदांचं काम."

मामांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं सुन्न आहेत. सुई टोचली तरी कळत नाही.

मेहुणे पिवळ्या मशीनकडे बघून म्हणाले, "दाजी, हे भिंतीला भोकं पाडायचं यंत्र वाटतं. उद्या गिऱ्हाईक आलं तर हसेल." उणे वीसमध्ये गिऱ्हाईक आल्याचं मी आठ महिन्यांत पाहिलेलं नाही. चकचकीत मशीन पास झालं. मेहुण्यांनी बारकोडचा अभ्यास घरी करतो म्हणून जाताना मक्याचं एक खोकं नेलं. कुठल्या कागदावर सही केली का, असं विचारलं असता, नाही. घरच्या माणसाची सही घेत नाहीत.

पिवळ्यावाला जाताना माझ्याकडे प्यायला पाणी मागून म्हणाला, "अरे, चप्पल पायात घालून बघतात. तुमच्या साहेबांनी टेबलावर ठेवून घेतली." मग बादली उचलून गेला. मला तो माणूस आवडला. त्याच्याबरोबर फिरायचं काम असेल तर बरं, असं तेव्हा वाटलं होतं.

दहा तारखेला मशीनं आली, वहीतले आकडे त्यांत भरले. मॅनेजरनी एक हातात धरून जिन्यात फोटो काढून घेतला. त्यांच्या हातून ते तीन पायऱ्या खाली गेलं. काचेला तडा गेला, त्यावर चिकटपट्टी लावली. आमच्याकडे वस्तू पाडत नाहीत, हे पूर्वीच सांगितलं आहे.

आत नेल्यावर मशीन सहा-सात मिनिटांत बंद पडायचं. बाहेर आणलं की काचेवर वाफ धरायची, दहा मिनिटं काही वाचायचं नाही. हातमोज्याचं बोट त्याला कळायचं नाही. मोजे काढून दाबलं तर आपलं बोट आपल्याला कळायचं नाही. कंपनी दोन माणसांत जाड हातमोज्यांची एक जोडी देते. पहिल्याच आठवड्यात मामांनी ती मला दिली. म्हणाले, मला सैल होतात. मला ते घट्ट होतात. मामा साधे सुती मोजे घालून काम करतात.

तेव्हा मी एक युक्ती काढली. रिकाम्या खोक्यांवरची बारकोडची लेबलं कापली, एका पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवली, वर पेनने मालाचं नाव लिहिलं आणि ती पाटी मधल्या खोलीत टांगली. आतून दहा खोकी मका आला की पाटीवरच्या मक्याच्या लेबलवर दहा वेळा टिंग करायचं. आत मोजे काढायला नकोत, मशीन आत न्यायला नको. बाकीच्या पोरांनी मला चहा पाजला. मामा म्हणाले, "भिंगरी, खोक्यावरचं खोक्यावरच वाचावं रे. पाटी काय, कुणाच्याही नावाने वाजेल." मी म्हणालो, "मामा, तुमची बोटं वाचतात ना?" मग त्यांनी मशीन पाटीवर धरलं.

वीस तारखेला पाइप जास्त गळला. पाटीवरची दोन लेबलं निघून खाली पडली. मी ती परत चिकटवली. त्या वेळी मी फोनवर होतो. एक मित्र बोटीवर काम आहे म्हणत होता, बोट दोन महिन्यांनी कुठे लागते ते सांगत होता, त्या गावात म्हणे समुद्र रात्री... ठाणे अंमलदारांनी पेन खाली ठेवल्यावरून पुढे सांगतो. लेबलं मी न बघता चिकटवली.

आज, एकोणतीस तारखेला, सकाळी वरच्या ऑफिसातून फोन आला की वाटाणा मोजा. मोजला. मशीन म्हणतं त्यापेक्षा एकशे बारा खोकी कमी. मॅनेजर मधल्या खोलीत आले. पाटी बघून म्हणाले, "हे काय? ही कुणाची अक्कल?"

मी तीन हात अंतरावर उभा होतो. माझ्या हातात आइस्क्रीमचं खोकं होतं. तोंडात काही नव्हतं.

मामा म्हणाले, "माझी."

मॅनेजर म्हणाले, "म्हणजे मशीनला चकवायची सोय तुम्हीच केलीत. एकोणतीस वर्षं तुमची वही बघतोय, आता कळलं वहीत काय काय मावत होतं."

मामा म्हणाले, "वही तुमच्याच कपाटात आहे. काढून बघा." मॅनेजरनी काढली नाही. ती जुनी झाली होती.

मी त्या वेळी खरं का बोललो नाही, असं विचारलं असता, खोकं ठेवायला जागा शोधत होतो. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

बारा वाजता मॅनेजरनी मामांना मोटरसायकलवर मागे बसवून इथे आणलं. सायकल फाटकाशीच राहिली. मी पाटी काढून पोटाशी शर्टात घातली आणि मामांच्या घरी गेलो. त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत माझी पिशवी असते. मामींनी विचारलं, "एकटाच आलास? ते कुठे अडकले?" मी म्हणालो, मोजणी चालू आहे. त्या म्हणाल्या, "मग दोन घास खाऊन जा, त्यांचं वाढून झाकून ठेवते." मी जेवलो. पिशवी उचलताना म्हणालो, जरा जाऊन येतो.

दोन वाजून दहा मिनिटांनी मी बसस्टँडवर होतो. तिकीट काढलं होतं. कुठलं, असं विचारलं असता, जी पहिली सुटेल तिचं. पाटी लांब कुठेतरी टाकायची असा बेत होता. ती शर्टातून काढून उन्हात धरली. आमच्या वाटाण्याच्या खोक्यावरच्या लेबलाला हिरवी कड असते आणि मक्याच्या लेबलाला पिवळी. मधल्या खोलीतल्या दिव्याखाली दोन्ही सारख्याच दिसतात. उन्हात दिसलं की 'वाटाणा' असं लिहिलेल्याखाली पिवळी कड होती आणि 'मका' लिहिलेल्याखाली हिरवी.

म्हणजे वीस तारखेपासून नऊ दिवस वाटाणा बाहेर गेला की मशीनमध्ये मका गेला आणि मका गेला की वाटाणा. गिऱ्हाइकाला मागितलेलाच माल मिळाला, कारण बिल ऑर्डरवरून ऑफिसात निघतं. बिलं आणि मशीन पुढच्या महिन्यात एकमेकांना जोडणार आहेत, असं मेहुणे म्हणाले होते. मी स्टँडवरून ताईंना फोन करून नऊ दिवसांची बिलं बघायला सांगितली. वाटाणा गेला तीनशे चाळीस खोकी, मका दोनशे अठ्ठावीस. फरक एकशे बारा. वाटाणा जेवढा कमी भरला तेवढाच मका जास्त भरायला हवा. पण मका मोजा असा वरून फोन आला नव्हता, म्हणून मका कोणी मोजलाच नाही. जास्त भरलेल्या मालाची चोरी कोणी लिहून देत नाही.

बस दोन चाळीसला सुटली. मी तिच्यात नव्हतो. तीन वाजून वीस मिनिटांनी इथे आलो. बाहेरच्या बाकावर मामा बसले होते, हात काखेत घालून. मला पिशवीसकट बघून म्हणाले, "गाडी चुकली का रे?" मी हो म्हणालो. ते सरकले, मी बसलो नाही, आत आलो.

पाटी मी बनवली, लेबलं मी चुकीची चिकटवली, मामांनी ती स्वतःची सांगितली ते खोटं आहे. मामांच्या जबाबातलं तेवढं एक वाक्य दुरुस्त करावं. पाटी हजर करत आहे. माझ्या पिशवीत एक जाड हातमोज्यांची जोडी सापडली आहे, ती मुद्देमालात घेऊ नये. ती मामांची आहे, बाहेर गेल्यावर परत द्यायची आहे.

हा जबाब चालू असताना ठाणे अंमलदारांनी गोदामात फोन लावून मका मोजून घेतला. पावणेपाचला ताईंचा उलटा फोन आला. मका एकशे अकरा खोकी जास्त भरला. ठाणे अंमलदारांनी विचारलं, एकशे बारा म्हणत होतास, एक कुठे गेलं? मी सांगतो की ते मेहुण्यांच्या घरी अभ्यास करत आहे. मॅनेजरना तक्रार द्यायचीच असेल तर त्या एका खोक्याची देता येईल. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही.

माझी नोकरी राहील का, हे मला कोणी विचारलेलं नाही.

एवढं लिहून झाल्यावर ठाणे अंमलदारांनी मोठ्याने वाचलं. दार उघडं होतं, त्यामुळे बाकावरही ऐकू गेलं. मी सांगितलं तसंच उतरलं आहे, बकऱ्यांचं आणि समुद्राचं अर्धवट राहिलं तेवढं सोडून. कोणी दम दिला नाही, चहा दिला. एक दुरुस्ती आहे. वर पत्त्याच्या जागी 'नक्की नाही' आहे ते खोडावं आणि 'मामांच्या घरी, वरची खोली' असं लिहावं. ही दुरुस्ती मी बाहेर जाऊन मामांना विचारून आलो आहे. खोडल्या जागी एक आणि खाली एक, अशा दोन सह्या करत आहे.