दुपारी बागेत कोनी जानार नाही

माहेर माझं तापीकाठचं, सासर खकनारकडचं, दोन्हीकडं केळीच, तर काय सांगू तुमाले ताई, समजायले लागली तवापासून मी बागेतच हाये, निंदलं, पानं छाटली, तेच काम. लोकायले वाटते बागेत सावली, गारवा. पन आत हवा हालत नाही, मानूस शिजून निघते. आन् आता तर होळी झाली की लू सुरू, भट्टीसारखी गरम हवा.

आमी बाया पानीच पीत नव्हतो. पेलं की आडोशाले जा लागते, आजूबाजूले गडीमानसं, जाव कुठं? तसंच कोरड्या तोंडानं दिवस काढाचा. किती वर्षं काढले. मंग कंबर धरली, लघवीले आग, अन्न नको झालं. बुरहानपूरले नेलं तर डॉक्टरीनबाई म्हने, किडनी खराब होऊन राहिली सुमनबाई, गोळ्या जन्मभर, पानी प्या, दुपारचं ऊन टाळा. मी म्हटलं, ऊन काय माझ्या हातात हाये? रडलीच मी तिथं.

त्याच उन्हाळ्यात गावात भोंग्याची गाडी आली. सरकारचा हुकूम हाये, दुपारी मजुरायले उन्हात लावू नका, पानी ठेवा, सावली करा. गाडी गेली आन् बागेचा मालक पाटील म्हने, चला, उरका, ट्रक येऊन राहिला. मी बांधावरच बसली. म्हटलं, मी नाही जात. पाटील म्हने, जमत नसंल तर घरी जाय, बाया लय हायेत. मंग माझी जाऊ लता, कधी तोंड न उघडनारी, तिनं इळा खाली ठेवला आन् माझ्याजवळ येऊन बसली. मंग एकेक करत सगळ्याच. पाटील लय वरडला. मी म्हटलं, आत्ता गाडीवाला सांगून गेला ते कोनासाठी, केळीसाठी? आन् बायांसाठी तट्ट्याचा आडोसा करा, नाहीतर पानी ठेवून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी आमाले बोलावलंच नाही. पाटील शेजारच्या गावात कामाले दुसऱ्या बाया पाहाले गेला, ते लताचं माहेर. त्या म्हने, दुपारी आमी बी येत नाही. केळी पिकून चालली, मंग आला दारात. आडोसा झाला, काम पहाटेचं झालं.

किडनी काही सुधरत नाही ताई, ते गेलं ते गेलं. यंदा पाटील म्हने, सुमन, थोडं तरी थांबत जा दुपारी. म्हटलं, तुमी या आमच्यासंगं निंदाले, मंग बोलू. आला नाही.

बसा, च्या घेऊन जा. सुखी राहा माय.