दुधाचे सुळे

अप्पा : पुरे झाला, सुभद्रा. रविवारी बाजारात चाराजणांत सांगलंय, आज परत सांगतंय. तो दोर माझ्या हातात दी.

सुभद्रा : दिवचंय नाय. अकरा वर्षां तुमच्या बागेत काजी येचलंय, थंय तुमी सांगलास ता केलंय. ह्यां खळां, ह्यां आंगण माझां आसा, अप्पा. हंय तुमचो हुकूम चलना नाय.

अप्पा : चोराचां कसलां खळां? गणेशचवथीत माझो प्रिन्स हरवलो. म्हापशातसून आणलेलो, जातिवंत आल्सेशियन. नि आता संक्रांत झाली, तर तसोच काळो-तपकिरी कुत्रो तुझ्या दारात बांधलेलो. गावाक डोळे नाय?

सुभद्रा : त्याच चवथीत माझ्या गोठ्यात कुत्री व्याली. पाच पिल्लां झाली, ह्यो बुध्या एकटो जगलो. तुमचो म्हातारो टायगर गावभर हिंडता, ता तुमका ठावक नाय? झील बापाशीच्या तोंडावर गेलो, तर माझो काय गुन्हो?

अप्पा : कुत्री व्याली ता बघल्यान कोणी?

सुभद्रा : नर्मदेन बघल्यान. पण ती तुमच्या बागेत कामाक. काल माका लांबसून बघून वाट बदलल्यान.

अप्पा : म्हणजे साक्षीदार नाय.

सुभद्रा : आसा. बुध्याच्या तोंडात आसा. परवा सुंभ चावताना तेचो दात पडलो, तांदळाच्या दाण्याएवढो. काल दुसरो पडलो. तुमचो प्रिन्स हरवलो तेव्हाच चार महिन्यांचो होतो, आता आठाचो झालो आसतो. तेवढ्या कुत्र्याचे दात पडतत?

अप्पा : ऐकलंत, डॉक्टर? हाडं फोडणाऱ्या जनावराचे दात पडतात म्हणे! आमच्या घरात आजोबांपासून कुत्रे आहेत. एकाचाही दात पडलेला मी बघितला नाही.

डॉक्टर : पडतात, अप्पासाहेब. पिल्लं बहुतेक वेळा खाताना गिळून टाकतात, म्हणून आपल्याला दिसत नाहीत.

अप्पा : ते असू दे. गुरांच्या दवाखान्यातून तुम्हाला इथवर आणलं ते आमचा कुत्रा ओळखायला.

डॉक्टर : प्रिन्सला मी एकदाच पाहिलंय, टोचायला आणला होता तेव्हा. नुसत्या रंगावरून सांगणं कठीण आहे. मला वाटतं, समजुतीनं घ्यावं. सुभद्राबाई, हे पिल्लू तुम्ही अप्पांना देऊन टाका, ते तुम्हाला दुसरं एखादं...

सुभद्रा : दुसरां कित्याक? ह्यां दिलंय तर मी चोर ठरलंय. डॉक्टरानू, तुमी सरकारी माणूस. तेचां तोंड उघडा, बघा, नि बघलास ता बोला. समजूत घालूक गावात माणसां खूप आसत.

अप्पा : डॉक्टर, दवाखान्याची जागा कुणाची आहे, तेवढं लक्षात असू द्या.

सुभद्रा : बघा! आता दवाखानो काढल्यानी!

डॉक्टर : सुभद्राबाई, जरा धरा त्याला. मान हलू देऊ नका.

(डॉक्टर गुडघे टेकून पिल्लाचे ओठ वर करतात. सुभद्रा पिल्लाला पोटाशी घट्ट धरते आणि डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत राहते. दातांकडे ती बघत नाही. ते तिने रोज बघितले आहेत.)

डॉक्टर : वरचे मधले दोन पडलेत. तिथे नवे दात टोकं काढतायत, चांगले रुंद आहेत. शेजारचे अजून दुधाचेच. हा बघा, हलतोय. आणि सुळे... आई गं!

सुभद्रा : चावलो?

डॉक्टर : नाही, टोचला. सुईसारखे आहेत. चारही सुळे दुधाचेच. नवा दात खालून वर यायला लागला की दुधाच्या दाताचं मूळ झिजत जातं, मग तो सुटतो. पुढचे चौथ्या महिन्याच्या सुमाराला पडतात, सुळे पाचव्या-सहाव्यात. सात महिन्यांच्या कुत्र्याच्या तोंडात सहसा दुधाचा दात उरत नाही. हे पिल्लू चार महिन्यांचं आहे, फार तर साडेचार.

अप्पा : खुंटला असेल. हिच्याकडे खायला काय मिळणार? हिनं उपाशी ठेवला, म्हणून अंगानं लहान राहिला आणि दातही मागे राहिले.

सुभद्रा : उपाशी म्हणूचा नाय! माझ्या ताटातली अर्धी पेज तेची. चोर म्हटलास, आता ह्यां पण म्हणतलास?

डॉक्टर : खाणं कमी पडलं तर अंग खुंटतं, हे खरं. दातांना थोडे दिवस मागेपुढे होतात, चार महिने नाही.

अप्पा : विचार करून बोला, डॉक्टर.

डॉक्टर : जागा तुमची आहे, अप्पासाहेब. दात पिल्लाचे आहेत. हा प्रिन्स नव्हे.

अप्पा : ...बरां. झाला ता झाला, सुभद्रा. माझो जीव होतो तेच्यावर. तसो रंग दिसलो नि डोक्यात गेला. उद्यापासून कामाक ये.

सुभद्रा : येवचंय नाय.

अप्पा : आता आणि काय रवला?

सुभद्रा : प्रिन्स गेल्याचां माका पण वायट वाटला. दोन दीस मी रान पालथां घातलंय, हाका मारून मारून माझो घसो बसलो. इसारलास? नि रविवारी माशेवाल्यांच्या समोर तुमी माझी टोपली पालथी केलास, भाजी रस्त्यार गेली, नि माका चोर म्हटलास. अप्पा, ती चूक हंय माझ्या खळ्यात झाली नाय.

अप्पा : मगे काय करू सांग.

सुभद्रा : त्याच जागेर येवा. सुभद्रान चोरी केल्यान नाय, मी खोटां बोललंय, इतक्या सांगा.

अप्पा : मी? भर बाजारात? नि नाय इलंय तर?

सुभद्रा : तर मी जातलंय, बुध्याक घेवन. जो येयत तेका तेचां तोंड उघडून दाखयतलंय. सुळे पडाक अजून महिनो आसा. चार बाजार गावतत.

अप्पा : डॉक्टर, जरा समजवा हिला.

डॉक्टर : रविवारी मीही बाजारात असतो, अप्पासाहेब. कुणी विचारलं, तर आज बघितलं ते सांगेन.

अप्पा : लोक हसतले गो माका.

सुभद्रा : माका पण हसले. मी भाजी गोळा केलंय, घराक इलंय नि चूल पेटयलंय.

अप्पा : ...येतंय. रविवारी येतंय.

सुभद्रा : सकाळी येवा. दुपारी बाजार मोडता.