पुढं पाठवू नका

तुम्ही हसा, पण माझं डोकं अजून तापलेलंच आहे. स्थळ शोधायचं म्हणून पप्पांनी माझा बायोडाटा मोबाईलवरून वाटूरच्या मामांना पाठवला. फोटोसकट, अन् घाईत स्वतःच्या ऐवजी माझाच नंबर टाकून! खाली मात्र ठळक लिहिलं, ‘फक्त तुमच्यासाठी. पुढं पाठवू नका.’

तिसऱ्याच दिवशी घनसावंगीहून एका अनोळखी माणसाचा फोन. “मॅडम, उंची पाच-दोन बराबर आहे ना?”

“तुम्हाला माझा नंबर कुठून भेटला?”

“आमच्या कापूस भावाच्या ग्रुपवर आल्ता.”

कापसाच्या भावाखाली माझा फोटो! संध्याकाळपर्यंत असे अकरा फोन. मी तडक मामांना फोन लावला. “मामा, कुणाकुणाला पाठवलं तुम्ही?”

“परक्या कुणाला न्हाई गं. फक्त आपल्या ग्रुपांवर.”

“आपले म्हणजे किती ग्रुप?”

“असतील सात-आठ.”

“अन् पप्पांनी खाली काय लिहिलं होतं, ते वाचलं न्हाई?”

तर मामा उलट माझ्यावरच तापले. “वाचलं की! मंग, ते काढलं का मी? सगळीकडं त्याच्यासकटच पाठवलं!”